फ्रेडरिक दुसरा, पवित्र रोमन सम्राट

फ्रेडरिक दुसरा (जन्म: २६ डिसेंबर ११९४, मृत्यू: १३ डिसेंबर १२५०) हा होहेनश्टाउफेन घराण्यातील पवित्र रोमन सम्राट, तसेच सिसिली, जर्मनी आणि जेरुसलेमचा राजा होता. पोपसत्तेशी त्याने दीर्घकाळ दिलेल्या संघर्षामुळे तो मध्ययुगीन युरोपच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. शिकारी पक्षी पाळणे, त्यांना शिकवणे व त्यांच्याकडून शिकार करवणे या कलेवर त्याने लॅटिन भाषेत लिहिलेला 'दे आर्ते वेनांदी कुम आविबुस' (पक्ष्यांच्या साहाय्याने शिकार करण्याची कला) हा ग्रंथ पक्षिशास्त्राच्या इतिहासातही मोलाचा ठरला आहे.

बालपण व राज्यप्राप्ती

फ्रेडरिकचा जन्म मध्य इटलीतील येझी या गावी झाला. सम्राट सहावा हेन्री हा त्याचा पिता आणि सिसिलीच्या राजघराण्यातील कॉन्स्टन्स ही त्याची माता. ११९७ मध्ये वडिलांचे निधन झाले. ११९८ मध्ये पालेर्मो येथे त्याला सिसिलीचा राजा म्हणून मुकुट चढवण्यात आला. त्याच वर्षी आईचेही निधन झाल्याने पोप तिसरा इनोसंट त्याचा पालक बनला. त्या काळी सिसिलीत लॅटिन, ग्रीक आणि अरबी या तिन्ही संस्कृती एकत्र नांदत होत्या. या वातावरणाचा त्याच्या जिज्ञासू वृत्तीवर कायमचा ठसा उमटला.

१२१५ मध्ये आखेन येथे जर्मन राजा म्हणून आणि २२ नोव्हेंबर १२२० रोजी रोम येथे सम्राट म्हणून त्याचा राज्याभिषेक झाला. १२२४ मध्ये त्याने नेपल्स येथे विद्यापीठ स्थापन केले. १२३१ मध्ये सिसिली राज्यासाठी मेल्फी येथे कायद्यांची संहिता जारी केली.

धर्मयुद्ध आणि अरबी ज्ञान

धर्मयुद्धावर निघण्यास विलंब केल्याबद्दल पोप नववा ग्रेगरी याने १२२७ मध्ये फ्रेडरिकला धर्मबहिष्कृत केले. तरीही तो १२२८ मध्ये पूर्वेकडे गेला आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी वाटाघाटी करून, एकही मोठी लढाई न लढता, १२२९ मध्ये जेरुसलेम मिळवले.

पूर्वेकडील देशांशी आलेल्या या संबंधांचा लाभ त्याच्या आवडीच्या कलेलाही झाला. त्याने अरबी बाजदारांना आपल्याकडे आणवले आणि ससाण्याच्या डोक्यावर टोपी घालण्याची त्यांची पद्धत स्वीकारली. डोळे झाकलेला पक्षी अनोळखी माणसांना व हालचालींना बुजत नाही, हा त्या टोपीचा उपयोग. मोआमिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखकाच्या शिकारी पक्ष्यांवरील अरबी ग्रंथाचे लॅटिन भाषांतर त्याने दरबारातील विद्वान थिओडोर याच्याकडून करवून घेतले. १२४०-४१ मध्ये फाएन्झा शहराला वेढा घातलेला असताना त्याने ते स्वतः तपासून दुरुस्त केले.

ग्रंथ

स्वतःचा ग्रंथ लिहिण्यापूर्वी फ्रेडरिकने सुमारे तीस वर्षे निरीक्षणे व माहिती गोळा केली. ग्रंथाचे सहा भाग आहेत. पहिला भाग पक्ष्यांचे अवयव, पिसे, खाद्य, घरटी, उड्डाण आणि स्थलांतर यांविषयी आहे. पुढील दोन भागांत ससाण्यांना माणसाळवण्याची व शिकवण्याची पद्धत येते. शेवटच्या तीन भागांत जिरफाल्कनकडून क्रौंचाची, चरग ससाण्याकडून बगळ्याची आणि बहिरी ससाण्याकडून पाणपक्ष्यांची शिकार कशी करावी, हे सांगितले आहे.

रानटी ससाणा माणसाळवणे हे चिकाटीचे काम होते. नव्याने पकडलेल्या पक्ष्याच्या पापण्या दोऱ्याने शिवत, पायांत चामड्याच्या वाद्या बांधत आणि त्याला अंधाऱ्या खोलीत हातावर बसवून ठेवत. खाऊ घालताना बाजदार ठरावीक सूर काढी, त्यामुळे तो आवाज म्हणजे अन्न हे पक्ष्याला उमगे. पुढे पापण्यांचा दोरा हळूहळू सैल केला जाई. बाजदार जागरूक, संयमी आणि रागावर ताबा ठेवणारा असावा, अशी फ्रेडरिकची अपेक्षा होती. शिकारीतून मिळणाऱ्या मांसापेक्षा उत्तम तयार झालेला पक्षी त्याला अधिक मोलाचा वाटे.

प्रत्यक्ष प्रयोग

ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांचा त्याने उपयोग केला. परंतु जिथे ते अनुभवाशी जुळले नाहीत तिथे त्यांना विरोध केला. ॲरिस्टॉटलला पक्ष्यांकडून शिकार करण्याचा अनुभव फारसा नव्हता, असा त्याचा आक्षेप होता. गिधाडे वासावरून मांस शोधतात का, हे पाहण्यासाठी त्याने त्यांचे डोळे झाकून प्रयोग केला. समोर ठेवलेले मांस त्यांना कळले नाही. शहामृगाची अंडी उन्हाच्या उष्णतेने उबतात का, याची परीक्षा त्याने दक्षिण इटलीतील अपुलिया प्रांतात घेतली. विशिष्ट हंसजातीचे पक्षी समुद्रातील लाकडापासून जन्मतात, अशी समजूत त्या काळी युरोपात रूढ होती. फ्रेडरिकने उत्तरेकडे माणसे पाठवून तसली लाकडे मागवली. त्यांवरील शिंपल्यांत पक्ष्यासारखे काहीही न आढळल्याने त्याने ही समजूत नाकारली.

पार्माचा पराभव व मृत्यू

१२४५ मध्ये ल्यों येथील धर्मपरिषदेत पोप चौथा इनोसंट याने फ्रेडरिकला पदच्युत घोषित केले. १२४७ मध्ये त्याने पार्मा शहराला वेढा घातला आणि शेजारी 'व्हित्तोरिया', म्हणजे 'विजय', नावाची छावणीवजा नगरी उभारली. १८ फेब्रुवारी १२४८ रोजी तो शिकारीला गेला असताना पार्माच्या लोकांनी बाहेर पडून ही नगरी जाळली. राजमुकुट आणि खजिना शत्रूच्या हाती पडला. ग्रंथाची सोन्यारुप्याने सजवलेली प्रतही याच लुटीत गेली असावी, असे मानले जाते. पुढे मिलानच्या एका व्यापाऱ्याने असे एक हस्तलिखित आंझूचा चार्ल्स याला देऊ केले होते. त्यानंतर त्याचा मागमूस लागत नाही.

१३ डिसेंबर १२५० रोजी अपुलियातील कास्तेल फियोरेन्तिनो येथे फ्रेडरिकचे निधन झाले. पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये त्याची समाधी आहे.

वारसा

फ्रेडरिकचा पुत्र मानफ्रेड याने वडिलांच्या लेखनातील पहिले दोन भाग पुन्हा सिद्ध केले आणि स्वतःची भर राजा म्हणून वेगळ्या खुणेने दाखवली. पक्ष्यांच्या शेकडो चित्रांनी नटलेली ही प्रत व्हॅटिकन ग्रंथालयात आहे. सहाही भागांची हस्तलिखिते अन्यत्र उपलब्ध आहेत. ग्रंथाची पहिली छापील आवृत्ती १५९६ मध्ये जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे निघाली. पक्ष्यांकडून शिकार करण्याच्या परंपरेचा समावेश २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत करण्यात आला.