मुलांच्या लिहिण्याला मान देणारे डॉक्टर यानुश कोर्चाक

बालमित्रांनो, आपलं हे भित्तिपत्रक लागलं की आधी कोणाचं नाव आलं, कोणाचं गळलं, यावरून रुसवेफुगवे सुरू होतात. मुलांनी लिहिलेल्या मजकुराला मोठ्यांनी किती कात्री लावावी, हा वाद काही आजचा नाही. ज्यांनी मुलांच्या बाजूनं कौल दिला, त्या एका डॉक्टरांची ही हकिकत.

पोलंड देशात वॉर्सा शहरी १८७८ च्या सुमारास एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. यानुश कोर्चाक हे लेखनासाठी घेतलेलं नाव. तेव्हा तिथं रशियाच्या झारचं राज्य होतं. शाळेत मुलांना आपली पोलिश मायबोली बोलायचीसुद्धा चोरी!

पुढे ते मुलांचे डॉक्टर झाले. १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू मुलांसाठी अनाथगृह उघडलं, त्याचे ते प्रमुख. तिथला सूचनाफलक मुद्दाम खाली टांगलेला असे, लहानग्यांनाही दिसावा म्हणून. (आपला जरा उंचच आहे, नाही का?) संस्थेचं साप्ताहिक दर शनिवारी सर्वांसमोर मोठ्यानं वाचलं जाई. मुलांचं न्यायालयही होतं, न्यायाधीश मुलंच. सहा महिन्यांत पाच वेळा डॉक्टरांनी स्वतःलाच त्याच्यापुढं उभं केलं. एका मुलाच्या कानशिलात दिली, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला, असे ते गुन्हे.

१९२१ मध्ये त्यांनी शालेय वृत्तपत्रावर एक पुस्तिका लिहिली. मनातलं उघडपणे मांडायचं धैर्य मुलांना अशा पत्रातून येतं आणि भांडणसुद्धा पाठीमागं कुजबुज न करता पुराव्यानिशी करता येतं, असं त्यांचं मत होतं. खरं सांगायचं तर अशी मोकळीक द्यायची म्हटलं की आम्हा शिक्षकांच्या पोटात गोळा येतो. उद्या आमच्याच नावानं तक्रार भिंतीवर झळकली तर?

कोर्चाक मात्र याहून पुढं गेले. ९ ऑक्टोबर १९२६ रोजी एका दैनिकाची शुक्रवारची पुरवणी म्हणून त्यांनी मुलांचं वृत्तपत्र सुरू केलं. नाव ‘मावी प्शेग्लोंद’, म्हणजे छोटं समालोचन. लिहिणारी मुलंच. ज्याला नीट लिहिता येत नाही त्यानं यावं, सांगावं, कोणीतरी उतरवून घेईल, अशी सोय जाहीर केली. गावोगावहून पत्रांचा ढीग येऊ लागला. शाळेतलं गाऱ्हाणं, घरातलं दुःख, ज्यू म्हणून झालेली हेटाळणी, सारं त्यात येई. बालवार्ताहरांना मानधनही मिळे बरं का! १९३० मध्ये त्यांनी हे काम आपले सहकारी इगोर नेवेर्ली यांच्याकडे सोपवलं.

डॉक्टर रेडिओवरही बोलत. पण ज्यू असल्यामुळं तिथं त्यांचं नाव न सांगता ‘म्हातारे डॉक्टर’ एवढंच सांगितलं जाई. ज्यूद्वेष वाढला तसा १९३६ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. मुलांचं पत्र आणखी तीन वर्षं टिकलं. शेवटचा अंक निघाला १ सप्टेंबर १९३९ ला. त्याच दिवशी जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला.

१९४० मध्ये नाझींनी वॉर्सातल्या ज्यूंना भिंतीआड कोंडलं, त्यात अनाथगृहही गेलं. भूक, थंडी, रोगराई. तरी १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी आपल्या रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’ हे नाटक केलं. पुढच्याच महिन्यात सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडं नेण्यात आलं. डॉक्टरांना सुटून जायला मदत करणारे होते. पण मुलांना टाकून ते गेले नाहीत, त्यांच्याबरोबर गाडीत चढले.

त्या कोंडवाड्यातही मुलं रोजनिशी लिहीत. डॉक्टर ती वाचत आणि थोडं आपल्या वहीत उतरवून घेत. ती वही वाचली, युद्धानंतर छापली गेली. तिच्यात एका मुलाची साधी नोंद आहे. त्याला एक चाकू सापडला, म्हणून गरिबांना पंधरा पैसे द्यायचं त्यानं ठरवलं होतं.