पंडिता रमाबाईंचा मोठा संसार

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले. माझी शाळा सातवीपर्यंतची. त्यांच्या विद्वत्तेविषयी मी काय लिहिणार? पण घर चालविणे मला कळते. आपल्या चाकणात घरातला एक पहिल्या पाळीला, तर दुसरा रात्रपाळीला. चार माणसांचे डबे नि झोपा सांभाळता सांभाळता आपण मेटाकुटीस येतो. या बाईंनी तर सुमारे दोन हजार जणींचे घर चालविले, तेही आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. आई लक्ष्मीबाईंना दिवसभर कामाचा रगाडा. म्हणून त्या उजाडण्यापूर्वी लेकीला हळूच उठवीत, मांडीवर घेत आणि पाखरांच्या किलबिलाटात पाठ घेत. मला वाटते, वेळेची शिस्त रमाबाईंना लागली ती तिथेच.

पुढे दुष्काळात आईबाप व थोरली बहीण गेली. उरलेली भावंडे पायी देश हिंडली. १८७८ साली कलकत्त्यास रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी विवाह झाला आणि दोनच वर्षांत वैधव्य आले. पदरी लहानगी मनोरमा. डॉक्टरीण व्हावे म्हणून १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. पण कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे तो विचार सोडावा लागला. त्याच वर्षी तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पांढरे लुगडे व शाकाहार मात्र सोडला नाही.

विधवांसाठी त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. त्यांच्या प्रार्थनेस मुली बसू लागल्या, तसा गहजब उडाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखी मंडळी सल्लागारपदावरून बाजूला झाली आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने लेकी सोपविणाऱ्यांना धक्का बसला, यात मला नवल वाटत नाही. पण त्या काळी केशवपन केलेल्या पोरीला अन्न, अक्षर आणि मान एकत्र देणारे दुसरे दार कितीसे होते? धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, माहेरच्या गोदूबाई, याच सदनात शिकल्या.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. स्वतः उपाशी हिंडलेल्या बाईला घरी बसवेना. पुण्यात प्लेगाचे निर्बंध होते. म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर मुलींचा निवारा झाला. तोच पुढे ‘मुक्ती’ सदन म्हणून नावारूपाला आला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर माणसे आणखी वाढली.

उपासमारीतून आलेले पोर एकदम शिस्तीत येत नाही, हे कोणत्याही आईला ठाऊक असते. रमाबाईंनी सदनातल्या जुन्या मुलींवर नव्या मुली सोपविल्या. कालची आश्रित आज दुसरीची आई झाली. मला यातच त्यांचे खरे शहाणपण दिसते. विहिरी खणल्या, बाग लावली. प्रार्थना, अभ्यास आणि हातचे काम यांत दिवस वाटलेला. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, ज्या मुलीला जे जमेल ते. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ वेगळे होते. आपण ज्यांना उंबऱ्याशी उभे करणार नाही, त्यांना तिथे हक्काचे घर मिळे. रमाबाईंच्या लेखी देवाची भक्ती आणि भाकरीचे पीठ मोजणे ही दोन वेगळी कामे नव्हती.

एवढ्या रगाड्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, तेही खेड्यातल्या बाईला समजेल अशा साध्या भाषेत. वर्षानुवर्षे ते काम चालले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. ज्या लेकीच्या हाती संस्था द्यायची, तीच गेली. तरी आईने लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. पूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविले होते तिथल्या मुलींनी.