न्यायमूर्ती रानडे यांची वाचनसाधना

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी झाला. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या चार पदवीधरांत ते होते. अतिवाचनाने तरुणपणीच दृष्टी अधू झाली. पुढे वर्तमानपत्रे व ग्रंथ ते इतरांकडून वाचवून घेत. पत्नी रमाबाईंनीही ही सेवा केली. ऐकणाऱ्यास पान मागे उलटता येत नाही. सार तत्क्षणीच मनात साठवावे लागते. अशा साधनेतूनच मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ १९०० साली, निधनाच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला. भांडुपहून आगगाडीने जाता-येता भराभर वाचणाऱ्या आपल्या ज्ञातीतील विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रकरणानंतर क्षणभर पुस्तक मिटून त्याचे सार मनाशी आठवावे. तीच या थोर वाचकास खरी आदरांजली ठरेल.