प्रश्न फिरवून पाहणारे : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

आषाढांत मुळशीच्या डोंगरांवर पाऊस कोसळूं लागला म्हणजे मुठा नदी कसें रूप धारण करिते, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं प्रत्यक्ष पाहिलेलें आहे. हेंच पाणी, वाटेंत दुसऱ्या नद्याओढ्यांस पोटांत घेऊन, खालीं खडकवासल्यास जातें. तेथें एकोणिसाव्या शतकांत दगडी धरण बांधून जो तलाव केला, त्यास योजकाच्या नांवावरून लेक फाइफ म्हणत. पुणें शहराचें व लष्कराचें पिण्याचें पाणी आणि कालव्याखालील शेती या दोहोंचा भार त्यावर होता. तो पुढें पुरेनासा झाला. पावसाळ्यांत सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचें पाणी वाहून जाई, आणि उन्हाळ्यांत त्याच पाण्यासाठीं ओरड होई.

हा प्रश्न ज्यांच्यापुढें आला ते विश्वेश्वरय्या 1899 मध्यें पुणें जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांचे एक्झिक्युटिव्ह एंजिनिअर होते. त्यांचा जन्म 15 सप्टेंबर 1861 रोजीं म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी या खेड्यांत झाला. वडील शास्त्री, परंतु घरची स्थिति बेताची. त्यांतच मुलगा लहान असतां ते वारले. बंगळुरास दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून या मुलानें 1881 मध्यें बी. ए. ची पदवी मिळविली. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति घेऊन तो पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आला, 1883 च्या एंजिनिअरिंगच्या परीक्षेंत पहिला आला, आणि पुढल्या वर्षीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नोकरीस लागला. नाशिक, खानदेश अशा ठिकाणीं त्याचीं पहिलीं वर्षें गेलीं. कानडी मातृभाषेच्या या मुलास महाराष्ट्रानेंच घडविलें, असें म्हणण्यास आम्हांस दिक्कत वाटत नाहीं.

इलाख्यांत तेव्हां सिंध प्रांतही होता. तेथील सक्कर शहरास पाणी पुरविण्याचें काम त्यांच्याकडे आलें. सिंधू नदी गांवाजवळूनच वाहते, पण पाणी गढूळ, आणि गाळण्याचे मोठे हौद बांधण्यास नगरपालिकेपाशीं पैसा नाहीं. विश्वेश्वरय्यांनीं नदीच्या पात्रांतच विहीर खणविली व वाळूंतून झिरपून स्वच्छ झालेलें पाणी घेतलें. उन्हाळ्यांत आमच्या मायबहिणी ओढ्याच्या वाळूंत झरा उकरून घागर भरतात, त्याहून हें निराळें काय? तरीही ती गोष्ट सरकारी कामांत कोणास तरी सुचावी लागते, आणि तेंच अवघड असतें.

कां अवघड असतें, याचा विचार मानसशास्त्रानें केला आहे. कार्ल डंकर या जर्मन शास्त्रज्ञानें 1935 मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आपले प्रयोग दिले आहेत. एका प्रयोगांत त्यानें लोकांपुढें मेणबत्त्या, टाचण्या व लहान खोकीं ठेविलीं आणि मेणबत्त्या दारावर लावून दाखवा असें सांगितलें. खोकें टाचणीनें दारास ठोकून त्यावर मेणबत्ती बसवावी, एवढेंच उत्तर. खोकीं रिकामीं ठेविलीं तेव्हां पुष्कळांस तें सुचलें. तींच सामानानें भरून दिलीं तेव्हां कमी जणांस सुचलें. भरलेलें खोकें सामान ठेवण्याचेंच दिसतें, फळीसारखें दिसत नाहीं. हातोडी सांपडत नाहीं म्हणून खिळा हातांत घेऊन बसलेल्या मुलास कोपऱ्यांतला वरवंटा दिसत नाहीं तो याच कारणानें. वरवंटा वाटण्याचा, नदी वाहण्याची, असें आपण एकदां ठरवून टाकलेलें असतें.

डंकरचें दुसरें म्हणणें आम्हांस याहून मोलाचें वाटतें. त्याच्या मतें उत्तर शोधणें म्हणजे प्रश्नच पुनःपुन्हां नव्यानें मांडणें होय. आमच्या वर्गांत गणित अडलें कीं बहुतेक विद्यार्थी तीच मांडणी तीन वेळां करितात, फक्त अक्षर थोडें मोठें काढितात.

खडकवासल्यास प्रश्न प्रथम असा दिसे : पाणी अधिक पाहिजे, तर भिंत उंच कशी करावी? परंतु भिंत वाढविली कीं खर्च वाढतो, आणि पुराच्या वेळीं पाण्याची पातळी आणखी चढून जुन्या बांधकामावर अधिक भार येतो. विश्वेश्वरय्यांनीं प्रश्नाचें तोंड फिरविलें. भिंत हवी कोणास? हवें आहे तें सांडव्यावरून जाणारें पाणी, आणि तें सुद्धां पूर नसेल तेव्हांच. म्हणजे अडसर असा पाहिजे कीं जो एरवीं पाणी धरील आणि पूर येतांच वाट देईल. बरें, पूर मध्यरात्रीं आला तर दरवाजे उघडण्यास कोणी धांवावें? तेव्हां पाणी ठराविक पातळीच्या वर चढलें कीं दरवाजे आपोआप उघडावेत व उतरलें कीं आपोआप मिटावेत अशी रचना त्यांनीं केली. 1903 च्या सुमारास हे दरवाजे बसले, आणि मूळ धरण न वाढवितां सांडव्यावर सुमारें 8 फूट पाणी अधिक धरून ठेवतां येऊं लागलें. या योजनेचें त्यांनीं पेटंट घेतलें. असेच दरवाजे पुढें ग्वाल्हेर संस्थानांतील तिग्रा धरणास व म्हैसूरच्या कृष्णराजसागरास बसविण्यांत आले.

अर्थात् डंकरचा ग्रंथ याहून तीस वर्षें अलीकडचा. तो वाचून कांहीं हें सुचलें नाहीं. पंधरा-वीस वर्षें पाण्याच्या कामांत घालविलेल्या माणसाचें डोकें तें होतें. रिकाम्या डोक्यास युक्ति सुचते, असें मानसशास्त्रही म्हणत नाहीं.

नीरा कालव्यावर मात्र गोष्ट इतकी सरळ नव्हती. उसासाठीं हवें तितकें पाणी घेण्याची शेतकऱ्यांस संवय लागलेली. विश्वेश्वरय्यांनीं ठराविक जमिनीचे गट पाडून कांहीं भागांत ऊस, कांहींत कमी पाण्याचीं पिकें आणि त्यांची पाळीपाळीनें अदलाबदल, अशी पद्धति सुचविली. पुष्कळांनीं विरोध केला. मागणाऱ्यास अधिक पाणी कसें द्यावें हा शेतकऱ्यांचा प्रश्न. तेंच पाणी अधिक गांवांस कसें पुरवावें हा विश्वेश्वरय्यांचा. त्यांनीं शेतकऱ्यांशीं बोलणीं करून मगच पद्धति अमलांत आणिली.

प्रश्न कोणाचा, हें विसरल्यास काय होतें, तें मुळशीकरांस निराळें सांगावयास नको. 1921 सालीं वीज-कंपनीच्या धरणाविरुद्ध आमच्या मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला, सेनापति बापटांनीं त्यासाठीं तुरुंगवास भोगला, तरी गांवें पाण्याखालीं गेलींच. मुंबईस वीज कशी न्यावी हा प्रश्न सुटला. जमीन कशी राखावी हा कोणी मांडलाच नाहीं. त्या धरणाशीं विश्वेश्वरय्यांचा संबंध नव्हता. परंतु मुळशीच्या शाळेंत पाणी अडविण्याचें कौतुक करितांना ही आठवण गिळून टाकणें आम्हांस बरें वाटेना.

पुढील हकीकत प्रसिद्धच आहे. 1908 मध्यें मुसा नदीच्या पुरानें हैद्राबाद उद्ध्वस्त झालें. तेथील पूरनियंत्रणाची योजना त्यांनीं आंखून दिली. 1909 मध्यें ते म्हैसूरचे चीफ एंजिनिअर झाले आणि 1912 पासून 1918 पर्यंत दिवाण. 1955 मध्यें त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला.

12 जुलै 1961 रोजीं, खडकवासल्याच्या वरच्या अंगास बांधकाम चालू असलेलें पानशेतचें धरण फुटलें. त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचा जुना बांधही टिकला नाहीं व पुणें बुडालें. दरवाजे नदीच्या पुरासाठीं योजिलेले होते. वरचें अख्खें धरणच खालीं येईल, हा प्रश्न 1903 सालीं कोणापुढें नव्हता. विश्वेश्वरय्या त्या दिवशीं हयात होते. पुढल्या वर्षीं एप्रिल महिन्यांत बंगळुरास त्यांचें देहावसान झालें. खडकवासल्याचें धरण मागाहून पुन्हां बांधण्यांत आलें, आणि मुठेचें पाणी आजही तेथेंच अडतें.