डॉक्टर रखमाबाई

इ. स. १८९५ साली सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुखपदी एका मराठी डॉक्टरीणबाईंची नेमणूक झाली. त्यांचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. त्या काळी डॉक्टर म्हटला की तो पुरुषच, अशी सर्वांची समजूत असे. स्त्रीने नाडी पाहावी, शस्त्र हाती घ्यावे आणि रुग्णालयाचा सारा कारभार चालवावा, ही गोष्ट लोकांच्या कल्पनेतही येत नव्हती. या बाईंचे नाव रखमाबाई. सुरतेच्या सुशिक्षित लोकांना हे नाव अपरिचित मात्र नव्हते. आठ वर्षांपूर्वी मुंबईच्या न्यायालयात चाललेल्या एका खटल्यामुळे ते हिंदुस्थानभर आणि विलायतेतही गाजले होते. तो खटला समजल्यावाचून रखमाबाईंच्या पुढील आयुष्याची थोरवी ध्यानात यावयाची नाही.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. त्या जेमतेम अडीच वर्षांच्या असताना त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाईंचे वय तेव्हा सतरा वर्षांचे होते. हे कुटुंब सुतार ज्ञातीतील असून त्या ज्ञातीत विधवेला पुनर्विवाह करण्यास मोकळीक होती. सुमारे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर. वनस्पतींचाही त्यांना मोठा व्यासंग होता. इ. स. १८८३ मध्ये मुंबईत निसर्गाच्या अभ्यासासाठी जी नामवंत संस्था निघाली, तिच्या आठ संस्थापकांत केवळ दोघे हिंदी गृहस्थ होते. त्यांपैकी एक हे होत. अशा विद्वान गृहस्थाच्या घरी लहानगी रखमा वाढू लागली. सावत्र बापाचे तिच्यावर पोटच्या मुलीप्रमाणे प्रेम होते. घरात औषधांच्या बाटल्या, जाडजूड ग्रंथ आणि वाळवून ठेवलेल्या वनस्पती तिच्या सदैव दृष्टीस पडत. वैद्यकाची गोडी तिला येथेच लागली असावी.

परंतु रूढीपुढे विद्वानांचेही फारसे चालत नसे. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावण्यात आले. दादाजी हे डॉक्टरांच्या नात्यातील. घरची स्थिती गरिबीची. जावयाने सासरच्या आश्रयाने राहून शिकावे व चांगल्या मार्गास लागावे, अशी बोली ठरली होती. लग्नामुळे रखमाबाईंची शाळा सुटली. मुलगी अजून लहान आहे, तिला एवढ्यात नांदावयास पाठवावयाचे नाही, असा डॉक्टरांनी निर्धार केला आणि ती माहेरीच राहिली. दादाजींना मात्र अभ्यास मानवला नाही. त्यांनी शिक्षण सोडले, सासऱ्यांचे घर सोडले, ते आपल्या मामांकडे जाऊन राहिले आणि हळूहळू कर्जात बुडाले.

इकडे रखमाबाईंनी घरच्या घरी विद्याभ्यास चालू ठेवला. शाळा नाही, शिक्षक नाही, बरोबरीच्या मैत्रिणी नाहीत. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणावीत, शब्द अडेल तेथे कोणास तरी विचारावे आणि पुन्हा पुढे वाचावे, असा त्यांचा क्रम असे. या परिश्रमाने त्यांनी इंग्रजी भाषेवर इतके प्रभुत्व मिळविले, की पुढे त्यांची इंग्रजी पत्रे वाचून ती एका हिंदू स्त्रीने लिहिली आहेत यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. डॉक्टरांच्या घरी सुधारक मंडळींचे येणे-जाणे असे. त्यांच्या चर्चा ऐकता ऐकता रखमाबाईंच्या मनात एक प्रश्न मूळ धरू लागला. ज्या वयात मुलीला लग्न या शब्दाचा अर्थही कळत नाही, त्या वयात तिच्या नावाने कोणी दिलेल्या शब्दाने ती जन्मभर बांधली जावी काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रसंग लवकरच आला. इ. स. १८८४ मध्ये पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे, अशी दादाजींनी वकिलामार्फत मागणी केली. रखमाबाईंनी ती स्पष्टपणे नाकारली. तेव्हा दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. खटल्याचे काम चालू असतानाच, इ. स. १८८५ च्या एप्रिल महिन्यात, डॉ. सखाराम अर्जुन निवर्तले. ज्या वृक्षाच्या सावलीत रखमाबाई आजवर राहिल्या तो कोसळला. त्यांचे वय तेव्हा वीस वर्षांचे होते. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्रात बालविवाह आणि विधवांची दुःस्थिती या विषयांवर एका हिंदू स्त्रीची दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पत्रांखाली लेखिकेचे नाव नव्हते. पुढे सर्वांस कळले की, ती रखमाबाईंची होती.

दि. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. पतिपत्नी कधीही एकत्र नांदलेली नाहीत. विवाह झाला तेव्हा मुलगी अजाण होती. अशा स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पतीच्या स्वाधीन करणे न्यायाला धरून नाही, असे त्यांचे मत पडले. ज्या कायद्याच्या आधारे हा दावा लावला होता तो मूळचा इंग्रजांचा. हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार सापडत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. दावा फेटाळला गेला. रखमाबाई जिंकल्या.

या निकालाने एकच खळबळ उडाली. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या थोर विद्वानाने न्यायालयात त्यांची बाजू मांडली होती. उलट, बहुसंख्य लोक संतापले. लोकमान्य टिळकांच्या केसरीनेही रखमाबाईंच्या विरुद्ध लेखणी चालविली. परक्या राज्यकर्त्यांच्या न्यायालयाने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. पारतंत्र्याच्या काळात ही भावना स्वाभाविक होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या वादात एका तरुण मुलीच्या आयुष्याचा प्रश्न मागे पडला, हेही तितकेच खरे.

दादाजींनी अपील केले. वरिष्ठ न्यायाधीशांनी पहिला निकाल रद्द ठरवून खटला पुन्हा चालविण्याचा हुकूम केला. अखेर ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निर्णय दिला. रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, न गेल्यास सहा महिने तुरुंगवास भोगावा. याच्या अवघ्या सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी रोजी, अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यास क्षयाने मृत्यू पावल्या होत्या. ज्यांच्याकडे साऱ्या महाराष्ट्राने कौतुकाने पाहिले, त्यांना रुग्णसेवा करण्यास आयुष्य उरले नाही. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मराठी मुलीपुढे तुरुंगाचे दार उघडले गेले.

आता केवळ एका महिन्याचा अवधी होता. त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रीने न्यायालयाची पायरी चढणे हीच नामुष्की समजली जाई; तुरुंगाची तर गोष्टच नको. हितचिंतकांपैकीही काहींना वाटले असेल, की बाईंनी आता नमते घ्यावे. रखमाबाई नमल्या नाहीत. न्यायालयाचा हुकूम मोडल्याबद्दल जी शिक्षा होईल ती आपण भोगू, परंतु ज्या विवाहाला आपण कधी संमती दिली नाही त्याच्यासाठी पतिगृही जाणार नाही, असा त्यांनी निश्चय जाहीर केला. कायदा चुकवून पळून जाण्याचा किंवा सबबी सांगण्याचा विचारही त्यांनी केला नाही. या एका गोष्टीमुळे त्यांच्या विरोधकांनाही त्यांच्याविषयी आदर वाटला असल्यास नवल नाही.

रखमाबाईंच्या साहाय्यासाठी मुंबईत एक समिती स्थापन झाली. विलायतेतील वृत्तपत्रांतूनही चर्चा सुरू झाली. प्रकरण आणखी वर्षभर लांबले आणि अखेर इ. स. १८८८ च्या जुलै महिन्यात समेट झाला. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडून दिला. तुरुंगवास टळला. त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोट मिळण्याची सोय कायद्यात नव्हती. पुरुषाला दुसरे लग्न करण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. रखमाबाईंना मात्र हा मार्ग बंद होता. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

पुढे काय करावयाचे, हे रखमाबाईंच्या मनात पक्के झाले होते. मुंबईस इ. स. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले होते. स्त्रिया व मुले यांच्यासाठी उघडलेल्या या रुग्णालयातील डॉक्टर स्त्रियाच होत्या. त्यांच्या प्रमुख डॉ. एडिथ पेची यांना डॉक्टरी शिकण्यासाठी स्वतःच्या देशातही मोठा झगडा द्यावा लागला होता. इ. स. १८६९ मध्ये एडिंबरो विद्यापीठात शिरलेल्या पहिल्या स्त्री-विद्यार्थ्यांपैकी त्या एक. पुरुष-विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या वेळी या स्त्रियांची वाट अडविली, चिखल फेकला आणि विद्यापीठाने शेवटी त्यांना पदवी नाकारली. असे घाव सोसलेल्या बाईंना रखमाबाईंचे मन ओळखावयास वेळ लागला नाही. त्यांनी रखमाबाईंना उत्तेजन दिले, मित्रमंडळींकडून पैशाची तजवीज केली आणि इ. स. १८८९ मध्ये रखमाबाई विलायतेस निघाल्या. लंडनमध्ये स्त्रियांसाठी इ. स. १८७४ साली निघालेल्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. जिने कधी सलग शाळा पाहिली नाही, तिला आता रसायन, शरीररचना, शस्त्रक्रिया असे कठीण विषय परभाषेत शिकावयाचे होते. पाच वर्षे त्या खपल्या. इ. स. १८९४ मध्ये स्कॉटलंडमधील वैद्यकीय संस्थांची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतल्या.

मुंबईस अल्पकाळ काम करून त्या सुरतेस गेल्या. तेथील काम सोपे नव्हते. पुरुष डॉक्टरापुढे येण्यास स्त्रिया तयार नसत. पडद्याआडून हात पुढे करून त्या नाडी दाखवीत. दुखणे अंगावर काढून कित्येकजणी प्राणास मुकत. बाळंतपण अंधाऱ्या, कोंदट खोलीत होई. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होऊन कितीतरी अर्भके दगावत. घाणीतून सूक्ष्म जंतू जखमेत शिरतात, म्हणून हात व हत्यारे निर्जंतुक केली पाहिजेत, हे ज्ञान तेव्हा नवे होते. रुग्णालयात जाऊन बाळंत होणे म्हणजे घराण्याला बट्टा, अशी समजूत होती. ही समजूत भाषणे देऊन जाणारी नव्हती. एखादी बाई सुखरूप बाळंत होऊन हसत घरी गेली म्हणजे तिच्या शेजारणीचा धीर वाढे. हे काम अशा रीतीने एकेका घरातून, एकेका आळीतून पुढे गेले. त्यासाठी डॉक्टरीण केवळ हुशार असून भागत नसे, ती सोशिकही असावी लागे.

इतक्यात प्लेगचे संकट कोसळले. इ. स. १८९६ मध्ये मुंबईस सुरू झालेली ही साथ लवकरच सुरतेत पोहोचली. लोक घरेदारे सोडून पळू लागले. तपासणीसाठी येणाऱ्या सरकारी पुरुषांचे नाव काढताच स्त्रियांचा थरकाप होई. अशा वेळी डॉक्टरीणबाईंचा त्यांना केवढा आधार वाटला असेल! रखमाबाई आपल्या जागेवरून हलल्या नाहीत.

इ. स. १९०४ मध्ये दादाजी वारले. तेव्हापासून रखमाबाई पांढरे वस्त्र नेसू लागल्या, असे सांगतात. त्यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक.

सुरतेत वीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यावर, इ. स. १९१८ च्या सुमारास, सरकारच्या स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याविषयी त्यांना विचारण्यात आले. ते मानाचे पद न स्वीकारता त्या राजकोट संस्थानातील स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या. एकंदर सुमारे पस्तीस वर्षे सेवा करून त्या मुंबईस परतल्या. निवृत्तीच्या वेळी, इ. स. १९२९ मध्ये, त्यांनी पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून एक पुस्तिका लिहिली. वयाच्या विशीत वृत्तपत्राकडे पत्रे लिहिणारी लेखणी पासष्टीतही थकली नव्हती.

रखमाबाईंना नव्वद वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. इ. स. १९५५ च्या मे महिन्यात स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेला हिंदू विवाह कायदा अंमलात आला. वधूचे वय निदान पंधरा वर्षांचे असलेच पाहिजे, पुरुषाने एक पत्नी असताना दुसरी करू नये आणि स्त्रीलाही घटस्फोट मागता यावा, असे त्या कायद्याने ठरले. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, डॉक्टर रखमाबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली.