सॅम्युएल टोरी ऑर्टन

सॅम्युएल टोरी ऑर्टन (१५ ऑक्टोबर, १८७९ - १७ नोव्हेंबर, १९४८) हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व मेंदूविकृतीशास्त्रज्ञ होते. बुद्धी शाबूत असूनही वाचता न येणाऱ्या मुलांचा, म्हणजे आज ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात त्या अडचणीचा, अमेरिकेतील पद्धतशीर अभ्यास त्यांनी सुरू केला. अशा मुलांसाठीची 'ऑर्टन-गिलिंगहॅम' ही अध्यापनपद्धती अंशतः त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जीवन

ऑर्टन यांचा जन्म ओहायो राज्यातील कोलंबस येथे झाला. वडील एडवर्ड ऑर्टन हे भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि ओहायो राज्य विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष होते. त्याच विद्यापीठातून १९०१ साली पदवी घेतल्यावर सॅम्युएल यांनी १९०५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील मनोरुग्णालयात त्यांनी विकृतीशास्त्रज्ञ म्हणून काम केले, तर जर्मनीत आलोईस आल्त्सहायमर यांच्याकडे अध्ययन केले. मृत रुग्णांच्या मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. शाळेतील मुलांशी त्यांचा संबंध आला तो चाळिशी उलटल्यावर.

१९१९ मध्ये ते आयोवा सिटी येथील नव्या राज्य मनोरुग्णालयाचे संचालक व आयोवा विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले.

ग्रीन काउंटीतील शिबिर

१९२५ साली ऑर्टन यांनी आयोवातील ग्रीन काउंटी या ग्रामीण भागात फिरते तपासणी शिबिर भरवले. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना शिक्षकांनी तेथे पाठवावे, अशी योजना होती. आलेल्या मुलांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला जवळजवळ काहीच वाचता येत नव्हते. प्रचलित चाचणीत त्याचा बुद्ध्यंक ७१ भरला. त्या काळच्या रिवाजानुसार एवढ्यावर त्याला मंदबुद्धी ठरवता आले असते. परंतु यंत्रांविषयीच्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरे ऑर्टन यांना समंजस व अचूक वाटली. चाचणीच भाषेवर आधारलेली असेल, तर ती या मुलाची बुद्धी मोजते की त्याची अडचण, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. शिक्षकाच्या दृष्टीने ऑर्टन यांच्या साऱ्या कार्यातील हा सर्वांत मोलाचा प्रश्न म्हणावा लागेल.

त्याच वर्षी शालेय मुलांतील शब्दांधतेवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये अशा एका मुलाची नोंद केली होती आणि स्कॉटलंडचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवूड यांनी याला जन्मजात शब्दांधता म्हटले होते. ऑर्टन यांना हे नाव मान्य नव्हते, कारण ही मुले आंधळी नव्हती. ती 'बी' आणि 'डी' किंवा 'पी' आणि 'क्यू' या इंग्रजी अक्षरांत घोटाळा करीत, शब्द उलट्या दिशेने वाचत. म्हणून त्यांनी उलटलेली चिन्हे या अर्थाचा 'स्ट्रेफोसिम्बोलिया' हा शब्द घडवला. त्यांच्या मते अक्षराची नोंद मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत होते व एका बाजूची नोंद दुसरीची आरशातील प्रतिमा असते. एका अर्धगोलाचे वर्चस्व नीट प्रस्थापित झाले नाही, तर दोन्ही प्रतिमांत गोंधळ होतो.

संशोधन व अध्यापन

रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या अनुदानातून फिरत्या तपासणीचे काम पुढे चालले. सहकारी मॅरियन मन्रो यांनी निदानासाठी वाचनचाचण्या तयार केल्या. मन्रो यांच्या १९३२ मधील ग्रंथात विशेष शिकवणी मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांच्या प्रगतीची तुलना आहे. केवळ सुधारलेल्या मुलांची उदाहरणे न देता तुलनेसाठी दुसरा गट घेणे, हे त्या काळात फारसे रूढ नव्हते.

१९२९ च्या एका निबंधात ऑर्टन यांनी संपूर्ण शब्द पाहून ओळखण्याच्या तत्कालीन पद्धतीवर टीका केली. मात्र आपला आक्षेप सर्व मुलांबाबत नसून एका मर्यादित गटाबाबत आहे, हे त्यांनी आरंभीच बजावले होते. पुढील काळातील वादात दोन्ही पक्षांना या मर्यादेचा अनेकदा विसर पडला.

आयोवा सोडल्यावर ते न्यूयॉर्कला गेले व कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे ॲना गिलिंगहॅम व बेसी स्टिलमन या शिक्षिकांनी त्यांच्या विचारांना वर्गात वापरता येईल असे रूप दिले. अक्षर पाहणे, त्याचा ध्वनी ऐकणे व उच्चारणे आणि हाताने ते गिरवणे या क्रिया एकत्र घ्यायच्या. एकेक ध्वनी पक्का झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. शिकवणी शक्यतो एकास एक आणि दीर्घकाळ चालवायची, असे तिचे स्वरूप होते. ऑर्टन यांचा मुलांच्या वाचन, लेखन व वाणीच्या समस्यांवरील ग्रंथ १९३७ साली प्रकाशित झाला. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नी जून ऑर्टन यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये ऑर्टन सोसायटी स्थापन झाली. तीच आजची आंतरराष्ट्रीय डिस्लेक्सिया संघटना होय.

मूल्यमापन

ऑर्टन यांची आरशातील प्रतिमांची उपपत्ती टिकली नाही. १९७० च्या दशकात फ्रँक व्हेलुटिनो व इतरांच्या प्रयोगांतून अडचण मुख्यतः दृष्टीची नसून शब्दातील ध्वनी वेगळे करण्याची आहे, असे दिसून आले. अक्षरे उलटी दिसणे म्हणजेच डिस्लेक्सिया, हा लोकसमज मात्र अजून कायम आहे.

अध्यापनपद्धतीची कथा वेगळी आहे. अक्षर व ध्वनी यांचा संबंध क्रमवार शिकवण्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली संशोधनाच्या आधारे अनुकूल मत दिले. ऑर्टन-गिलिंगहॅम या विशिष्ट पद्धतीचा पुरावा मात्र त्यामानाने तोकडा राहिला. अमेरिकी शिक्षण खात्याच्या पुरावा-परीक्षण केंद्राला २०१० मध्ये आपल्या निकषांत बसणारा एकही अभ्यास या पद्धतीबाबत आढळला नाही. बहुतेक अभ्यासांत मुलांची संख्या लहान होती किंवा तुलनेचा गट योग्य नव्हता. शिक्षक व पालक यांच्या अनुभवातील यश खरे असले, तरी ते पद्धतीचे, शिक्षकाच्या कौशल्याचे की शिकवणीच्या तासांचे, हे अशा अभ्यासांतून वेगळे काढता येत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्यांत बहुसंवेदी अध्यापनाचा उल्लेख आल्याने हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता उरलेला नाही. २०२१ मध्ये २४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील एकत्रित विश्लेषणात परिणाम अनुकूल दिशेने, परंतु सांख्यिकीय दृष्ट्या निर्णायक न ठरण्याइतका आढळला आणि संशोधकांनी अधिक काटेकोर प्रयोगांची गरज नोंदवली.