व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस

अँथनी गोन्साल्विस हे नाव एका चित्रपटगीतामुळे घरोघरी पोहोचले आहे. परंतु या नावाचा एक थोर व्हायोलिनवादक खरोखरच होऊन गेला व त्याची विद्या देवळाच्या छायेत वाढली, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांचे चरित्र स्मरणे उचित होय.

अँथनी यांचा जन्म १९२७ साली दक्षिण गोव्यातील माजोर्डा या समुद्रकाठच्या गावी झाला. त्यांचे वडील तेथील देवमातेच्या देवळात गायनपथकाचे गुरू होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांत संगीताची शाळा असे. मुलांस तेथे प्रथम स्वरलिपी वाचावयास व स्वर तोंडाने म्हणावयास शिकवीत. ते अंगवळणी पडल्यावर व्हायोलिन हाती मिळे. मिस्सेच्या वेळी गायनास साथ व्हावी, एवढाच या शिक्षणाचा हेतू. परंतु त्यातून दोन गुण बाणत: लिहिलेले स्वर पाहताक्षणी वाजविणे, आणि आपला स्वर इतरांच्या स्वरांत मिळविणे.

या शिदोरीवर अँथनी १९४३ साली मुंबईस आले व संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. त्या काळी चित्रपटांचे वाद्यवृंद वाढत चालले होते. अनेक व्हायोलिने एकाच वेळी, गजाच्या एकाच ओढीने वाजावयाची, तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद हवा. देशी वादक मुखोद्गत विद्येत निष्णात. परंतु ही लिपी त्यांच्यापैकी बहुतेकांस येत नसे. ती उणीव गोव्याच्या वादकांनी भरून काढली. अँथनी पुढे वाद्यरचनाही करू लागले, आणि विद्यादानही. प्यारेलाल शर्मा व राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य होत.

इतक्यावर ते संतुष्ट राहते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु हिंदुस्थानी रागांनी त्यांचे चित्त वेधले होते. रागात स्वर एकामागून एक उमलतात. सिंफनीत अनेक स्वर एकाच क्षणी उमटतात. रागाचे शील न मोडता या दोहोंचा मिलाफ साधावा, हा त्यांचा ध्यास. १९५८ साली त्यांनी याच हेतूने मोठा वाद्यवृंद उभा केला व मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजच्या चौकात आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे यांनी त्यात गायन केले. तथापि तो वृंद फार काळ टिकला नाही. १९६५ साली सिरॅक्यूज विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळून अँथनी अमेरिकेस गेले. आणि परतल्यावर माजोर्ड्यास शांतपणे राहिले.

जगास त्यांचा विसर पडत चालला असता शिष्यास मात्र तो पडला नाही. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गीतात गुंफून गुरुदक्षिणा वाहिली. १८ जानेवारी २०१२ रोजी अँथनी देवाघरी गेले.

बंधुभगिनींनो, माजोर्ड्याच्या त्या गुरूने आपल्या मुलास जे शिकविले, ते देवाच्या सेवेसाठी. त्याचे फळ साऱ्या देशाने चाखले. आपल्या गायनपथकातील एखादे मूल आज पेटीवर चाचपडत असेल. त्याच्या चुकांस हसू नये, त्याचा सराव मोडू नये, आणि त्यास चांगला गुरू मिळवून देण्यास जो खर्च येईल तो भार मानू नये, हीच विनंती.